हळदीतली गोळी आणि देवीचे वण

लग्न होऊन मानपाड्याजवळच्या या गावात आले तेव्हापासून गावदेवीशी माझं जरा भांडणाचंच नातं आहे. मागायचं, नाही मिळालं की चार दिवस अबोला धरायचा, मग मुकाट्याने फुलं घेऊन जायचं. पण पुतण्याच्या हळदीत जे झालं त्यानंतरचा अबोला सुटेल असं मला वाटत नव्हतं.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. माझ्या धाकट्या दिरांकडे परवान्याचं पिस्तूल होतं. घरात कार्य असलं की देवीच्या नावाने हवेत गोळी झाडायची आणि मांडवाने टाळ्या वाजवायच्या, ही रीतच पडली होती. गावात आणखीही काही घरांत तेच चाले. त्या दिवशी मुलाला हळद लावलेल्या बुळबुळीत हातांनीच दिरांनी पिस्तूल काढलं, ते निसटलं आणि गोळी माझ्या नवऱ्याच्या मांडीत शिरली. बँजो वाजतच होता. लोकांना वाटलं, हे नाचता नाचता पडले.

मी नुसती उभी राहिले. गर्दीतून एक वयस्क बाई पुढे आल्या, खांद्यावरचा टॉवेल जखमेवर दाबला आणि अंगाचा सगळा भार हातांवर टाकला. दवाखान्यात पोचेपर्यंत रिक्षात त्या तशाच बसून होत्या. इतका दाब दिला नसता तर पेशंट आमच्यापर्यंत आलाच नसता, असं डॉक्टर म्हणाले. यांना आत नेलं.

बाहेर दीर माझ्यासमोर येऊन रडू लागले. "वहिनी, देवीची इच्छा. आपण काय करणार? पोलिसांना सांगा, मांडवाची सळई लागली." दीर वाईट नाहीत, भावावर त्यांचा जीव आहे. शिवाय इच्छा देवीचीच असेल तर मी कोण बोलणारी? मनात मात्र मी तिला म्हणत होते, तुझ्या नावाने वाजवलेली गोळी तूच माझ्या घरात घातलीस.

त्या बाई बाकावर बसल्या होत्या, हात अजून रक्ताने भरलेले. तेव्हा प्रथम त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. गालभर देवीचे वण होते.

"पोरी, लहान होती तवा मना देवी आल्या," त्या म्हणाल्या. "आई बोलली, देवीची इच्छा. टोचनारा आला तं दार लावून घेतला. माझा भाऊस गेला. मंग घराघरान जाऊन टोचला, तवा देवी गेल्या. इच्छा देवीची व्हती, तं टोचून गेल्या कशा?"

त्यांनी आपल्या रक्ताने भरलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तो रोग व्हता. आपून त्याला तिचा नाव दिला. ह्यो पन रोगच हाय."

पोलीस आले तेव्हा मी खरं ते सांगितलं. सांगून वळले तर बाक रिकामा होता. पुढे चौकशी केली. आमची माणसं म्हणाली, मुलीकडच्या असतील; मुलीकडचे म्हणाले, तुमच्याकडच्याच. त्या कोण होत्या हे मला आजही माहीत नाही, आणि मी खोदून विचारणं सोडून दिलं आहे.

हे वाचले, थोडे लंगडतात. पिस्तूल पोलिसांनी नेलं, केस चालू आहे, आणि दिरांनी बोलणं टाकलं. मग आमच्या लेकीचं लग्न ठरलं तशी माझी झोप उडाली. एका सकाळी देवळात गेले, अबोला सोडला आणि म्हटलं, आई, दारं मी ठोठावते, उघडायचं तू बघ. जाऊबाई, त्याच दिरांची बायको, आपणहून बरोबर आली. बंदूक असलेल्या प्रत्येक घरात आम्ही एकच सांगितलं, निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करता, तशी हळदीपुरतीही करा. कुणी हसलं, कुणी चहा पाजला, एकाने खरंच दार लावून घेतलं. आता मला राग येत नव्हता. टोचणाऱ्यालाही असंच झालं असणार.

हळदीच्या दिवशी मांडवात बँजो होता, आरडाओरडा होता, गोळी नव्हती. दीर येतील असं वाटलं नव्हतं. ते आले, पुतणीच्या गालांना हळद लावली, मग भावाजवळ जाऊन त्याच्या लंगड्या पायापाशी बसले. दोन्ही हात हळदीने माखलेले होते, आणि त्या हातांत काही नव्हतं. मी तिथूनच देवळाच्या दिशेने हात जोडले.