ठोकळे मोठे करू का?

ऑफिसात त्यांना सगळे खोडकाका म्हणत. आईबापांनी नाव वेगळं ठेवलं होतं, पण दुसऱ्याच्या कामात खोड काढायची आणि वर त्याचाच पगार घ्यायचा, असा उद्योग करणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? शाळेतल्या मुलांना रोबोट चालवायला शिकवणारं एक सॉफ्टवेअर तिथे बनत होतं. पडद्यावर रंगीत ठोकळे असायचे: पुढे जा, वळ, थांब, दिवा लाव. मुलांनी माउसने ठोकळा उचलायचा, दुसऱ्याखाली नेऊन चिकटवायचा, की टेबलावरचा चाकांचा रोबोट तसा वागायचा. रोबोट गोल आणि सुस्त होता, म्हणून त्याला ढब्बू म्हणत. हे सगळं मुलांच्या हाती पडण्याआधी त्यात काय काय बिघडू शकतं ते शोधणं, हे काकांचं काम. ते "ठीक आहे" म्हणाले की ठीक, "खोड आहे" म्हणाले की खोड. त्यांचा शब्द पुन्हा तपासून पाहावा असं कुणाच्या मनातसुद्धा येत नसे.

अशा या माणसाने स्वतःच्या उजव्या हातातली खोड मात्र साऱ्या जगापासून लपवून ठेवली होती.

हात थरथरत होता. आधी नुसता अंगठा, मग शेजारची दोन बोटं, आता मनगटापर्यंत. मीटिंगमध्ये काका हातांवर बसत. सही करायची वेळ आली की पेन चालत नाही म्हणत. घरी शर्टाची बटणं लावताना बायकोकडे पाठ करत. बायकोचंही हल्ली काहीतरी बिनसलं होतं. चहाचा कप ती अर्धाच भरायची. "अगं, दूध महागलंय की साखर?" काका टोचून विचारत. "हा संपवा आधी, मग देते अजून," ती म्हणे. वयाबरोबर माणूस चिकट होत जातो, अशी काकांनी आपली समजूत करून घेतली होती.

त्यांच्या भीतीला एक चेहरा होता, वडिलांचा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा हात. तो थरथरायला लागला, अक्षरं डुगडुगायला लागली, आणि गल्लीने निकाल देऊन टाकला: पितोय. ज्या माणसाने जन्मात थेंबाला तोंड लावलं नव्हतं, त्याच्याबद्दल! कामं बंद झाली. शेवटी शेवटी वडील खिडकीपाशी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे आणि आई घास भरवायला आली की भिंतीकडे बघायचे. आपण त्याच वाटेने निघालोय असं काकांना वाटत होतं, आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं तर ते खरंच ठरेल, या भीतीने ते डॉक्टरांकडे जात नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मूठ झाकलेली असली की थरथरही कमी दिसते.

भीतीपोटी कधी कधी अक्कलही येते. माउसने उचललेला ठोकळा वाटेतच निसटायला लागला, तेव्हा काकांनी लावून धरलं, की प्रत्येक ठोकळा कीबोर्डवरूनही हलवता आला पाहिजे. कारण सांगितलं वेगाचं. "सारखा माउस धरा, सोडा, अर्धा दिवस त्यातच जातो." मागणी मान्य झाली आणि खरोखरच सगळ्यांची कामं झपाट्याने व्हायला लागली. टीमच्या प्रमुख बाईंनी भर मीटिंगमध्ये काकांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. काका हातांवर बसले होते, त्यामुळे त्यांनी नुसती मान हलवून आभार मानले.

मग शाळांकडून तक्रार आली. काही मुलांचे हात स्थिर राहत नाहीत, ठोकळे निसटतात, मुलं रडकुंडीला येतात, आणि कीबोर्डवरच्या कळा इतक्या लहान मुलांच्या लक्षात राहत नाहीत. यावर तोड काढली चष्मिशने. चष्मिश म्हणजे टीममधली जाड भिंगांची प्रोग्रामर. सगळ्यांत हुशार, आणि सगळ्यांत लवकर स्वतःलाच दोष देणारी. तिने असं काही लिहिलं, की माउस कसा हलतोय यावरून सॉफ्टवेअरने हात ओळखावा आणि आपणहून विचारावं, "ठोकळे मोठे करू का?" मुलाने "हो" दाबलं की ठोकळे मोठे होणार आणि जागेच्या जवळपास नेले तरी आपोआप चिकटणार.

तपासायला थरथरणारा हात हवा होता. ऑफिसात हसाहशी सुरू झाली. जो तो माउस धरून हात नाचवायला लागला. सॉफ्टवेअर ढिम्म. सोंग त्याला कळत होतं.

"काका, तुम्ही बघा ना करून," चष्मिश म्हणाली.

नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. काकांनी माउस धरला आणि एवढंच केलं, की हात आवरून धरणं थांबवलं. ठोकळा अर्ध्या वाटेत पोचायच्या आत पडद्यावर अक्षरं उमटली: ठोकळे मोठे करू का?

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काका, नाटकात कामं करायचात की काय?"

"शाळेत असताना," काका म्हणाले. शाळेच्या नाटकात ते पडदा ओढायचे. त्यांनी "नको" दाबलं आणि जागेवर जाऊन बसले, तेव्हा पाठ घामाने भिजली होती.

त्या दिवसापासून छळ सुरू झाला. माउसला हात लावायचा अवकाश, प्रश्न हजर. जे एकाही माणसाने विचारलं नव्हतं ते यंत्र विचारत होतं, आणि तेही किती अदबीने. नको. थोड्या वेळाने पुन्हा: ठोकळे मोठे करू का? नको म्हटलं ना! मागून कुणी गेलं की काका घाईघाईने पडदा बंद करत. चोराच्या मनात चांदणं. अशातच एका संध्याकाळी प्रमुख बाई टेबलाशी आल्या.

"काका, तुमचं नाटक फारच कामाला आलं. आता तुमचाच सरळ हात हवाय. एकाच माणसाचे दोन्ही नमुने असले की फरक नीट मोजता येतो. उद्या सकाळी सगळ्यांसमोर घेऊन टाकू."

घरी काकांनी मनगट टेबलाच्या कडेला दाबून पाहिलं. उजव्या हातावर डावा ठेवून पाहिला. डाव्याच्या खाली उजवा थरथरतच राहिला. दुसऱ्या दिवशी सगळे भोवती जमले, आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, नमुना नंतर. यात खोड आहे. हे सरळ हातालाही तेच विचारतंय. बघा."

त्यांनी माउस धरला. अक्षरं उमटली. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. हाताकडे कुणीच पाहिलं नाही.

"माझंच चुकलं असणार," चष्मिश म्हणाली. काका चुकतील ही शक्यताच तिच्या डोक्यात आली नाही. किती थरथर झाली की विचारायचं, ती मर्यादा ती वाढवत गेली, आणि दर वेळी काकांच्या टेबलावर येऊन बघत गेली. अखेर एकदाचं यंत्र गप्प झालं.

"आता, काका?"

"आता ठीक आहे," काका म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला. त्या आठवड्यात त्यांना झोपही चांगली लागली.

पुढच्या आठवड्यात प्रमुख बाई काका आणि चष्मिश दोघांना घेऊन एका शाळेत गेल्या. लांबट वर्ग, भिंतीला लागून कॉम्प्युटर, मधल्या टेबलावर ढब्बू. मुलं एकमेकांना कोपरं मारत ठोकळे लावत होती. कडेच्या कॉम्प्युटरवर दोन वेण्यांची एक मुलगी जीभ दाताखाली धरून बसली होती. तिने "पुढे जा" उचलला, पडला. उचलला, पडला. माउसवरची बोटं थरथरत होती. काका तिच्या मागे उभे होते. विचार, ते मनातल्या मनात पडद्याला म्हणत होते, विचार ना बाबा तिला. ठोकळा आणखी एकदा पडला. पडदा गप्पच.

मुलीने माउस सोडला, हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसली. "बाई, मला नाही खेळायचं," ती शिक्षिकेला म्हणाली. "मला रोबोट आवडतच नाहीत."

खोटं कसं बोलतात हे काकांना चांगलं ठाऊक होतं.

"इथे तर विचारायलाच हवं होतं!" प्रमुख बाई चष्मिशकडे वळल्या. "मग एवढे दिवस आपण केलं काय?"

चष्मिशने भिंगं पुसायला घेतली. "माझ्याकडूनच काहीतरी राहिलंय, मॅडम."

गप्प राहणं अगदी सोपं होतं. नोकरी, नाव, गल्लीचा तो निकाल, खिडकीपाशी बसलेले वडील, सगळं एकदम काकांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"तिचं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "खोड नव्हतीच. सॉफ्टवेअर मला बरोबरच विचारत होतं. नाटकही नव्हतं ते." आणि त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर धरला.

हाताकडे सरळ पाहिलं ते फक्त त्या मुलीने, आणि तेही मोठ्या कुतूहलाने.

"मग तुम्ही पेन कसं धरता?"

"नाही धरत. पेन चालत नाही म्हणून सांगतो."

मुलगी फिसकन हसली. "मी टोक मोडलं म्हणून सांगते."

चष्मिशने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि मर्यादा पुन्हा होती तिथे आणली. मुलीने कुरकुरत माउस धरला. अक्षरं उमटली, तिने ती मोठ्याने वाचली आणि "हो" दाबलं. थोड्या वेळाने ढब्बू टेबलावरून रखडत पुढे निघाला. परतीच्या वाटेवर प्रमुख बाई गाडीत एवढंच म्हणाल्या, "तुम्ही खोटा अहवाल दिलात, काका. उद्या बोलू."

घरी बायकोने चहा ठेवला. अर्धा कप. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: हात, शाळा, उद्याचं बोलावणं. ती दचकली नाही. काकांनी कपाकडे पाहिलं. एवढ्या थरथरीतही चहाचा एक थेंब बाहेर आला नव्हता.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"टेबलावर चहा सांडून तुम्ही त्यावर वर्तमानपत्र पसरलंत ना, तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "डॉक्टरांची वेळ घेतलीये मी. दर महिन्याला घेते. आणि आदल्या दिवशी फोन करून पुढे ढकलते."

"अगं, पण का?"

"भीती काय तुम्हाला एकट्यालाच वाटते होय?" तिचा आवाज फुटला.

काकांनी उरलेला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"आता कधीची आहे?"

"उद्या संध्याकाळची. पुढे ढकलायला आत्ता फोन करणारच होते."

"तो फोन इकडे दे," काका म्हणाले, आणि पाठ न फिरवता त्यांनी उजवा हात पुढे केला.