देवकाबाईच्या झाडाखाली

सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावात पानठेल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला दिल्लीचं राजकारण तोंडपाठ आहे. कोण फुटणार, कोणाची खुर्ची जाणार, सगळं. आमच्या नाल्यावरचा पूल कधी होणार, तेवढं कोणाला माहीत नाही. देवकाबाई मडावीला मात्र देशाचा पंतप्रधान कोण विचारलं, तर ती फिस्कारते, "मले कायले पाहिजे? त्याले माझं नाव माहीत आहे काय?"

गेल्या लोकसभेच्या प्रचारात, ऐन मोहफुलं गळायच्या दिवसांत, दिल्लीचे एक मोठे नेते आमच्याकडे हेलिकॉप्टरने यायचं ठरलं. उतरायला केवळराम पटलेचं पडीक शेत निवडलं. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा जुना मोह आडवा येत होता. गोंदियाहून आलेला कार्यकर्ता दुर्गेश याने केवळरामची परवानगी घेतली आणि गावातलेच दोघे कुऱ्हाडी देऊन पाठवले.

इथेच तो फसला. आमच्याकडे जमीन एकाची आणि मोह वेचायचा हक्क दुसऱ्याच घरचा, असं पिढ्यांपासून चालतं. तो मोह देवकाबाईच्या सासूचा, तिच्यामागे देवकाबाईचा. त्या फुलांवर तिचं पावसाळ्यातलं तेल-मीठ चालतं. पालापाचोळा जाळून तिने झाडाखालची जागा अंगणासारखी झाडून ठेवली होती. बुंध्याशी टोपली घेऊन बसलेली बाई पाहिली आणि दोघांनीही कुऱ्हाडी खाली टाकल्या.

मग दुर्गेश स्वतः आला. "आजी, उठा. पता है, कोण येऊन राहिले?"

"नाई."

"दिल्लीवाले! देश का सवाल है."

"दिल्लीत उतराले जागा नाई काय?"

दुर्गेश केवळरामवर उखडला. "जमीन तुमची, तर झाड हिचं कसं?"

केवळरामने मान खाली घातली. "माझ्या बापानंबी या झाडाचं एक फूल उचललं नाई, भाऊ. मी हो म्हटलो, थे जमिनीले."

दुर्गेशने आधी भरपाई काढली, मग पोलिसांचं नाव काढलं. आता देवकाबाई उभी राहिली आणि बुंध्याला पाठ लावून ओरडली, "आण पोलीस! आधी मले काप, मंग झाड काप. मी येतो काय तुमच्या दिल्लीत खुर्च्या तोडाले?"

आम्ही सगळे बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला आणि आमची लाज वाटली, कारण पानठेल्यावरचा एकही पंडित तोंड उघडत नव्हता.

मतं मागायच्या दिवसांत म्हातारीला पोलिसांकरवी ओढायची दुर्गेशची हिंमत झाली नाही. झाड वाचलं. हेलिकॉप्टर गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर उतरलं, नेते गाडीने धूळ खात उशिरा आले आणि भाषणात गरजले, "हे जंगल तुमचं आहे!" आम्ही टाळ्या पिटल्या. देवकाबाई घरी फुलं वाळत घालत होती.

मतदानाच्या दिवशी तिने आधी फुलं वेचली आणि मग टोपली घेऊनच ती भर उन्हात रांगेत उभी राहिली. परत येताना मी तिला वाटेत गाठलं.

"काऊन बाई, तुमाले तं कोणीच माहीत नाई. मंग बटन कोणतं दाबलं?"

"सगळ्यात खालचं. नातीनं सांगतलं, थे 'यातला कोणीच नको' म्हणाचं आहे."

"एवढ्यासाठी उन्हात कायले गेली? घरीच राहाचं ना."

"घरी राहिली असती," ती टोपली डोक्यावर ठेवत म्हणाली, "तं तुमी म्हटले असते, बाईले समजत नाई."