शिट्टीमामांनी मोकळा केलेला चौक

शिट्टीमामा बोलायचे कमी आणि वाजवायचे जास्त. घरात कुणी मधे आलं की त्यांचा हात आपोआप आडवा व्हायचा आणि बायको म्हणायची, "अहो, मी काय ट्रक आहे?" ट्रॅफिक हवालदार म्हणून एकतीस वर्षं त्यांनी एकच चौक सांभाळला. बढती टाळली, बदली टाळली. अभिमान एवढाच, की सहाच्या ठोक्याला ड्यूटी सोडताना चौक एकदाही तुंबलेला नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी नेमका तुंबला.

दुपारी दोनला चौकाच्या मधोमध दोन काळ्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या ठाकल्या. एक सत्ताधारी पुढाऱ्याची, दुसरी विरोधी पुढाऱ्याची. दोघांनाही समोरच्या सभागृहात जायचं होतं, जिथे तीन महिन्यांत एकही ठराव जागचा हलला नव्हता. आता गाडी मागे घेणार कोण? ज्याची मागे जाईल, त्याच्या पक्षाचं नाक कापलं जाणार. मग गाडीमागे बस, बसमागे टेम्पो, टेम्पोमागे अख्खं शहर.

मामांनी गाल दुखेपर्यंत शिट्टी फुंकली. साडेचारच्या सुमाराला मात्र त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि कान दिला. हॉर्न बंद झाले होते. एकही वाजत नव्हता. बसमधली माणसं काचेतून सरळ पुढे बघत होती. एकाच्या कपाळावर माशी चालत होती आणि तो ती हाकलत नव्हता.

पावणेसहाला बायको फुटपाथवर येऊन उभी राहिली. वर्दी उतरवून घालायला इस्त्रीचा सदरा आणला होता.

"अहो, पेन्शनसुद्धा इथेच उभ्यानं घेणार का?"

"पंधरा मिनिटं, अगं. मोकळा करून आलोच."

मामांनी पहिल्या गाडीची काच ठोठावली. ड्रायव्हरनं ती बोटभर खाली केली.

"अरे बाबा, घे की जरा मागे!"

"साहेब सांगतील तेव्हा."

"मग विचार साहेबांना!"

"साहेबांकडे वळून बघायचं नाही, अशी पद्धत आहे." आतला आरसाही त्यानं छताकडे वळवून ठेवला होता.

मामांनी मागचं दार उघडलं. सीटवर कुणीच नव्हतं. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा खड्डा होता, आणि त्यात बसच्या कंडक्टरकडे असतो तसला तिकिटाचा चिमटा. मामा धावत दुसऱ्या गाडीकडे गेले. तिथेही तेच. पुढे सरळ बघणारा ड्रायव्हर, मागे रिकामी सीट. म्हणजे चार तास अख्खं शहर दोन रिकाम्या सीटांसाठी खोळंबलं होतं!

सहाला दोन मिनिटं होती. मामांनी टोपी काढली, पहिल्या गाडीत मागे बसले, दार ओढलं आणि घसा खाकरून भारदस्त आवाजात म्हणाले, "मागे घे."

"जी, साहेब."

गाडी मागे सरकली. मागची बस सरकली, टेम्पो सरकला. शंभर हॉर्न एकदम बोंबलले आणि मामांचे डोळे भरून आले. चौकाची गाठ सुटली. घड्याळाचे सहा टोल पडले.

"शाब्बास! आता इथेच सोड मला."

गाडी वळून पुढे निघाली. मामांनी दार चाचपलं. आतून कडीच नव्हती.

"अरे, मी साहेब नाही! हवालदार आहे मी!"

"आधीचे साहेबही असंच म्हणायचे," ड्रायव्हर अदबीनं म्हणाला. "कंडक्टर होते म्हणे. पहिला आठवडा फार बोलायचे."

फुटपाथपाशी गाडी क्षणभर थांबली. बायको अगदी समोर होती. काळ्या काचेत स्वतःला बघत तिनं वाकून कपाळावरची बट सारखी केली. तिच्या नि मामांच्या नाकात वीतभर अंतर होतं. मामांनी काचेवर मुठी आपटल्या, छाती फुटेस्तोवर शिट्टी फुंकली. आवाज आतल्या आत फिरून त्यांच्याच कानात शिरला.

"आपण आलो, की चौक कसा मोकळा होतो बघा, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

गाडी निघाली. बायकोनं चौकाकडे पाहिलं.

"केलाच बाई शेवटी मोकळा!" ती कौतुकानं स्वतःशीच म्हणाली, आणि सदरा हातावर टाकून, मामा रोज उभे राहायचे त्या चौकातल्या रिकाम्या चौथऱ्याकडे बघत उभी राहिली.