डॉक्टरीणबाईंची नवी चूल

भांड्यांनाही पूर्वायुष्य असतं आणि ते माणसांच्या पूर्वायुष्यापेक्षा जास्त चौकशी करण्याजोगं असतं, असं मनापासून मानणारी एकच बाई मी जन्मात पाहिली. त्या म्हणजे जव्हारच्या आमच्या शेजारीण, डॉक्टरीणबाई. त्यांचे यजमान संस्थानच्या दवाखान्यावर होते. गोळ्या देणारं, गळू कापणारं दुसरं कुणीच तिथं नव्हतं, म्हणून ते डॉक्टर, आणि म्हणून या डॉक्टरीणबाई. मंडळी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातलेच यहुदी. बोलणं मराठी, अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र. परक्याला काही वेगळं वाटलंच नसतं. पण शनिवारी घरात विस्तव पेटायचा नाही, आणि जेवणाचे नियम तर असे, की जन्म सोवळ्यात घालवलेल्या माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी आळी माई म्हणे, त्यासुद्धा ते ऐकून गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हे आमच्यावर ताण करणारं कुणीतरी निघालं की!" त्या दिवसापासून माईंना डॉक्टरीणबाईंबद्दल जो आदर वाटायला लागला, तो मला सून म्हणून कधी मिळाला नाही.

बाईंच्या स्वयंपाकात प्रत्येक वस्तूला आधी जबानी द्यावी लागे. अंडं फोडायचं ते वेगळ्या वाटीत. ती वाटी घेऊन त्या अंगणात उन्हात जायच्या, आणि रक्ताचा एवढासा ठिपका दिसला तर अंडं बाद. खोडाळ्याच्या बाजारात गेल्या की मासळीवालीसमोर बसून नखानं माशाचे खवले खरवडून पाहायच्या. खवले नाहीत तो मासा त्यांच्या लेखी मासाच नव्हे. "मंग यो काय हाय, बाय?" असं एकदा मासळीवालीनं चिडून विचारलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "तो तुझा आहे. माझा नाही." दूध आणि मटण यांची तर एका छपराखाली गाठ पडलेली त्यांना खपायची नाही. दुधाची भांडी निराळी, मटणाची निराळी. दुधाच्या भांड्यांच्या कानाला पांढरा दोरा, मटणाच्या भांड्यांच्या कानाला लाल. माणसांवर त्यांचा आवाज कधी चढला नाही, पण चुकून दुसऱ्या फळीवर गेलेल्या पळीला त्या जे बोलायच्या ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. डॉक्टरसाहेब बिचारे मवाळ. रोगी प्रेमानं सशाची तंगडी, टोपलीभर खेकडे असलं काहीबाही आणून द्यायचे, आणि बाईंच्या दृष्टीला पडायच्या आत ते परत करताना साहेबांना दरदरून घाम फुटायचा.

या एवढ्या काटेकोर बाईच्या काळजात एक काटा होता. तिचा थोरला भाऊ पेणकडे त्यांच्या लोकांचा हजान होता, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेचा पुढारी. कोंबडं-बकरं रीतीप्रमाणे कापायचा अधिकारही त्याचाच. आईबापांमागं त्यानंच बहिणीला वाढवलं होतं. बाई जव्हारला आल्यावर तो एकदा भेटायला आला होता, पण तेव्हा ही मंडळी संस्थानच्या बिऱ्हाडात राहत आणि चूल दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर सामाईक होती. भाऊ बहिणीशी पोटभर बोलला, भाचरांना खेळवलं, आणि जेवणाच्या वेळी ओटीवर बसून स्वतःबरोबर आणलेले पोहे खाल्ले. पाणीसुद्धा आपल्या लोट्यातलं प्याला. "सख्ख्या भावानं माझ्या दारात शिदोरी सोडली," हे सांगताना बाईंचा आवाज दर वेळी फाटायचा. आपली स्वतःची चूल असावी आणि दादानं तिच्यावर शिजलेलं एकदा तरी खावं, याखेरीज त्यांना दुसरं काही मागायचं नव्हतं.

म्हणून आमच्या शेजारचं घर विकायला निघालं तेव्हा बाईंनी पाटल्या मोडल्या आणि भांड्याकुंड्यांसकट ते घेतलं. पण घर होतं कुणाचं? दरबारच्या शिकारखान्यातल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याचं! बाईंच्या धर्मात जे जे वर्ज्य ते ते सगळं त्या स्वयंपाकघरातून जाऊन आलेलं. रानडुक्कर, ससे, घोरपड, पावसाळ्यातले खेकडे, काही म्हणून राहिलं नव्हतं. घराचा ताबा मिळाल्यावर बाई पदर खोचून मधोमध उभ्या राहिल्या आणि एकेक भांडं हातात घेऊन त्यांनी न्यायनिवाडा सुरू केला. "ही कढई डुकराची. हिला भट्टीत लाल करा. हा तांब्या गरीब आहे, याला पाण्याशिवाय काही माहीत नाही. आणि ही मडकी… मडक्यांना माफी नाही. मातीच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही. फोडा!" पोशेऱ्याची एक बाई मजुरीला आली होती. तिनं पहिलं मडकं उचललं, वाजवून पाहिलं, आणि खाली ठेवलं. "चांगला मडका हाय ना, बाय. फुटायचाच हाय, तं माझे घरी फुटू दे." बाईंनी थोडा विचार केला आणि त्यात काही आडकाठी दिसली नाही. संध्याकाळी पोशेऱ्याच्या वाटेनं मडक्यांची एक उतरंडच चालत गेली.

मातीची चूल पाडून नवी घातली. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून घेतली, आणि टाकीवाल्याला "अजून खोल, अजून खोल" करता करता पाटा निम्मा होतो की काय अशी आम्हाला धास्ती पडली. मग तांब्यापितळेची भांडी शिरपामाळाच्या वाटेवरच्या ओढ्यात बुडवून आणायची होती. वाहत्या पाण्यात भांडं धरायचं, पण घट्ट नाही. हात सैल सोडायचा, म्हणजे बोटांखालीसुद्धा पाणी लागतं. डॉक्टरसाहेबांनी हात इतका सैल सोडला की पळी वाहून गेली, आणि बाई ओढ्याच्या काठाकाठानं लुगडं सावरत तिच्यामागं धावल्या. तेवढ्यात संस्थानचा एक हवालदार आला. दिवसाढवळ्या प्रतिष्ठित माणसं पाण्यात भांडी लपवताहेत हे पाहून त्यानं दरडावलं, "ही कुणाची भांडी? कुठून आणली?" बाईंनी धापा टाकत त्याच्या हातात एक हंडा दिला आणि सांगितलं, "आधी हा धरा, पण घट्ट धरू नका." तो बिचारा उन्हं कलेपर्यंत भांडी बुडवत होता.

त्याआधी भांडी उकळण्याचा सोहळा झाला होता, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून निघाला. मोठं भांडं उकळायचं तर ते पाण्यानं काठोकाठ भरायचं, पाणी खळखळलं की त्यात तापून लाल झालेला धोंडा टाकायचा, म्हणजे पाणी उतू जाऊन काठसुद्धा शुद्ध होतो. माई कुंपणापाशी उभ्या राहून हे पाहत होत्या. धोंडा पडला, पाणी फसफसून चारी बाजूंनी उतू गेलं, आणि माईंचे डोळे चमकले. घरात येऊन मला म्हणाल्या, "त्यांच्यातही नव्या घरात उतू घालवतात गं! पण पाणी? दूध नाही का मिळालं बिचारीला?" मी समजावून सांगायला गेले, पण माईंना समजावून सांगण्याचा प्रघात आमच्या घरात नव्हता.

दादा यायचा तो दिवस उजाडला. आगगाडीनं डहाणूपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं तो दुपारी पोहोचणार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे परतायचं, कारण शनिवारच्या आत त्याला आपल्या गावी असायला हवं होतं. येऊन तो कोंबडं कापणार, आणि बाई नारळाच्या रसात त्याचं कालवण करणार. त्यासाठी मटणाचं एकच मोठं पातेलं, कल्हई करून, लाल दोरा बांधून तयार होतं. बाई नि साहेब नाक्यावर सामोरे गेले. मी मुलाला निजवत होते. तेवढ्यात माईंनी गाईचं ताजं दूध घेतलं आणि त्या शेजारी गेल्या. चूल कोरी, तिच्यावर अजून काही शिजलेलं नाही, तेव्हा विटाळ कसला? आपलं सोवळ्याचं पातेलं मात्र परक्या घरी कसं न्यायचं? म्हणून त्यांनी तिथलंच एक घेतलं. सगळ्यात मोठं, सगळ्यात लखलखीत, आणि कानाला लाल दोरा म्हणजे त्यांच्या हिशेबी मंगलच. त्या दिवशीही मजुरीला आलेल्या पोशेऱ्याच्या बाईनं जाळ घातला. करपलेल्या दुधाचा वास आला तशी मी धावत गेले, तर माई कृतार्थ चेहऱ्यानं चुलीपाशी उभ्या, आणि दारात गाडी येऊन थांबलेली.

"उतू गेलं हो, डॉक्टरीणबाई!" माई म्हणाल्या. "भरपूर गेलं! आता या घराला काही कमी पडायचं नाही."

बाईंनी पातेल्याकडं पाहिलं. लाल दोऱ्यावरून दुधाचा ओघळ खाली आला होता. त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. दुसरं पातेलं शुद्ध करायचं तर आधी एक अहोरात्र ते कोरडं, पालथं ठेवावं लागे. भावाकडं न बघता एवढंच म्हणाल्या, "दादा, तू आपली शिदोरी सोड."

दादा म्हणजे पांढऱ्या दाढीचा, पागोटं घातलेला, काखेत सुरीची लाकडी पेटी धरलेला उंच माणूस. त्यानं पेटी खाली ठेवली आणि चुलीपुढं जाऊन उकिडवा बसला. बहिणीला न विचारता त्यानं पोशेऱ्याच्या बाईला विचारलं, "शुद्ध केल्यावर यात मटण शिजलं होतं?"

"नाय बाबा. कायच शिजला नाय. आजींचा दूध पयलाच."

"दूध कुणाचं?"

"आमच्या गाईचं. मी स्वतः काढलं, न्हाऊन," माई म्हणाल्या. आता त्यांनाही काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

दादानं दाढीवरून हात फिरवला. "कोऱ्या भांड्यात जे आधी शिजलं त्याचं ते भांडं. पातेलं दुधाचं झालं, एवढंच. चूल तर विस्तवाची. तिला काय होतंय? ऊठ, लाल सोड, पांढरा बांध." मग त्यानं आत डोकावून पाहिलं. "तळाशी आहे की दूध. भात टाक. मला भूक लागलीय."

ते कोंबडं पुढं कितीतरी दिवस आमच्या परसात हिंडून माईंची कोथिंबीर खात होतं. माईंनी त्या दिवशी घरी येऊन दोनदा आंघोळ केली आणि रात्री जेवल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या घरचं पाणीसुद्धा माई कधी प्याल्या नाहीत, आणि बाईंनीही आमच्याकडच्या अन्नाला कधी हात लावला नाही. पण दुपारची उष्टी-खरकटी आवरली की दोघी कुंपणाशी उभ्या राहून तासन् तास बोलायच्या. अशा दोन बायांचं एकमेकींशी इतकं जमलेलं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पेणहून निरोप आला की दादा गेले. त्या भेटीनंतर त्यांना पुन्हा यायला जमलंच नव्हतं. बहिणीच्या घरी ते जेवले ते तेवढं एकदाच. माई कुंपणाशी गेल्या. मग जन्मात जो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो त्यांनी काढला.

"मी मधे तडमडले नसते," त्या म्हणाल्या, "तर तुमचा दादा… कोंबडीचं जेवला असता हो."

बाईंनी कुंपणावरून हात पुढं केला, आणि माईंनी, सोवळ्यात असूनही, तो धरला.

"माझा दादा पोटभर जेवला, माई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानं मागून भात घेतला. लहानपणी मी करपवलेला भातसुद्धा तो असाच मागून घ्यायचा."