बिर्गिटच्या पायांसाठी फरशी

आमच्या गल्लीत ग्रोझदानाइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि हे मी तिच्या तोंडावरही सांगते. लग्न होऊन इथे सर्बियात, पांचेवोत आले तेव्हापासून आमच्या दोघींच्या अंगणांत एकच कुंपण आहे. सकाळची कॉफी एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. तर गेल्या हिवाळ्यात कप खाली ठेवत ती म्हणाली, “रुझा, बाथरूमची फरशी बदलतेय. ती लाकडासारखी दिसणारी व्हिनाइलची मिळते ना, तसली घालायची.”

“का गं? फुटली?”

“थंड आहे.”

थंड तर ती पहिल्यापासूनच होती. तिच्या सासऱ्याने मुरंब्याच्या बरण्यांची खोली मोडून ते न्हाणीघर काढलं होतं. एवढंसं, की आत दोन माणसं गेली तर एकाला टबात उभं राहावं लागेल. पण थंड असली म्हणून काय झालं? आमच्याकडे अनवाणी चालतं कोण? गार फरशीला पाय लागला की किडन्या जातात, आणि बाईमाणसाचं तर आणखी बरंच काही जातं, हे आमचं बाळकडू. पाहुणा दारात आला की आधी त्याचे बूट निघतात, पायांत सपाता चढतात, मग ख्यालीखुशाली.

अनवाणी चालायची ती एकटी बिर्गिट. ग्रोझदानाची सून, तिच्या ओग्नेनची बायको, ऑस्ट्रियातल्या लिंझची. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा ती घरभर तशीच हिंडत होती आणि ग्रोझदाना सपाता हातात घेऊन तिच्या मागे मागे. दोन दिवस हा खेळ चालला. तिसऱ्या दिवशी भरल्या जेवणाच्या टेबलावर ग्रोझदाना बोलून गेली, “अशी गार फरशीवर नाचते, मग मूल कसं होणार?”

बिर्गिटला आमची भाषा फारशी येत नव्हती, पण हे वाक्य तिला नेमकं कळलं. दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको नदीकाठच्या हॉटेलात राहायला गेली, आणि त्यानंतर पोरगा आला की उतरायचा तो हॉटेलातच. दुपारी जेवायला यायचा, संध्याकाळी निघून जायचा. तो राहायचा ती खोली ग्रोझदाना दर शनिवारी झाडून ठेवायची. मला ते बघवत नसे.

चुकलं हे तिला कळत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून बाईंनी फरशी काढायला घेतली. सून सपाता घालत नाही ना, मग फरशीनेच गरम व्हावं. मे महिन्यात संत जॉर्जचा दिवस, तिच्या घराण्याचा सण, त्याला दोघं येणार होती. तोवर काम व्हायला हवं होतं.

मी तिच्याबरोबर दुकानात गेले. तिथल्या पोरीने पुढ्यात पट्ट्याच पट्ट्या मांडल्या. ग्रोझदानाला अक्रोडाच्या लाकडासारखा गडद रंग आवडला. मी म्हटलं, “एवढ्याशा खोलीत हा रंग घातलास तर विहिरीत उतरल्यासारखं वाटेल.” मग तिने ओकच्या लाकडासारखा चकचकीत नमुना उचलला. पोरगी म्हणाली, “आजी, हा ओला झाला की घसरेल. खरखरीत घ्या.” ग्रोझदानाने मान डोलावली, वाकली आणि प्रत्येक पट्टीला गाल लावून बघितलं. दुकानातली माणसं बघायला लागली. मी पडद्यांच्या विभागात जाऊन उभी राहिले.

शेवटी पाच नमुने घरी आणले आणि खरी पंचाईत तिथे झाली. पाय लावून बघायला अख्ख्या गल्लीत माणूस मिळेना. मी माझ्या किडन्यांवर पाणी सोडायला तयार नव्हते. टपालवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “मला अजून पेन्शन घ्यायचीय.” मग माझ्या मांजरीला बोलावलं. न्हाणीघरात नमुने पसरले आणि आम्ही दोघी दाराशी थांबलो. मांजरीने सगळे हुंगले आणि फिकट ओकवर अंग मुडपून बसली.

“झालं,” ग्रोझदाना म्हणाली. “मांजर गार जागी बसत नाही.”

कामाला आला स्रेतेन मिस्त्री, ज्याचा व्हिनाइलवर विश्वास नाही. “वहिनी, हे लाकडाचा फोटो छापलेलं प्लॅस्टिक आहे. टाइल्स शंभर वर्षं टिकतात.”

“मला शंभर वर्षं करायचीत काय? गरम आहे ना?”

“टाइल्सपेक्षा गरम आहे.”

“मग घाल.”

त्याने खिशातला अक्रोड काढून जमिनीवर ठेवला. तो गडगडत थेट कमोडमागे गेला. जुनं घर, सगळी जमीन एका बाजूला कललेली. मग त्याने जुन्या टाइल्सवरच सिमेंटचा पातळ लगदा ओतून जमीन सपाट केली, ती वाळू दिली, पट्ट्या जोडत नेल्या, भिंतीकडची फट सिलिकॉनने बुजवली. सगळं झाल्यावर कळलं की फरशी वर आल्यामुळे आत उघडणारं दार आता उघडत नाही, आणि मिस्त्री आत आहे. त्याने आतूनच दार बिजागरीतून उतरवलं, अंगणात नेऊन खालून तासलं, आणि तोवर तोंडाने जे काय चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही.

फरशी मात्र सुरेख दिसत होती. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर ग्रोझदानाने तिच्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिंध्यांच्या सतरंज्या अंथरलेल्या.

“अगं, हे काय?”

“चरे पडतील ना.”

“आणि सुनेचे पाय कशावर पडणार? सतरंजीवर?”

सतरंज्या मी उचलून माझ्या घरी नेल्या. अजून माझ्याकडेच आहेत.

सणाच्या दिवशी दोघं आली. मी स्वयंपाकघरात कोबीचे रोल गरम करत होते. दारात बूट काढल्यावर बिर्गिटने आपल्या पिशवीतून लोकरीच्या नव्या कोऱ्या सपाता काढल्या, पायांत घातल्या आणि परीक्षेला बसल्यासारखी ताठ उभी राहिली.

ग्रोझदाना त्या सपातांकडे बघतच राहिली.

“काढ त्या,” ती म्हणाली.

बिर्गिटने नवऱ्याकडे पाहिलं. ओग्नेन म्हणाला, “आई, आता सपातांचाही त्रास आहे का तुला?”

ग्रोझदानाने सुनेचा हात धरून तिला न्हाणीघरापाशी नेलं, मीही मागोमाग गेले. बिर्गिटला वाटलं असणार, काहीतरी डाव आहे. ती उंबऱ्यावरच थांबली, सपाता काही काढेना. तेव्हा ग्रोझदानाने भिंतीला हात टेकला, आपल्या सपाता काढल्या, मग लोकरीचे मोजे काढले आणि फरशीवर जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या शेजारात मी तिचे पाय पहिल्यांदाच पाहिले. पांढरेफटक, बारीक.

“बघ,” ती सुनेला म्हणाली, सावकाश, एकेक शब्द कळेल असं. “काही होत नाही. मी तेव्हा बोलले ते खोटं होतं. वाईट बोलले मी.”

बिर्गिटने सपाता काढल्या आणि आत गेली. दोघींना आत जेमतेम जागा होती. माझे कोबीचे रोल करपले, पण मी तिथून हलले नाही.

ओग्नेन बाहेर अंगणात गेला आणि त्याने हॉटेलला फोन लावून खोली नको म्हणून सांगितलं.