रजिस्टरात वाढवलेलं एक वर्ष

समजा, पोराचं नाव शाळेत घालायचं आहे, आईला जन्मतारीख आठवत नाही आणि रजिस्टर तुमच्या हातात आहे. सेलूजवळच्या गावात बापूराव गुरुजींनी पाच वर्षांच्या पोराला सहाचा लिहून पहिलीत बसवलं.

आता, दहा वर्षांनी, त्याच पोरावर शेजारच्या मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप आहे. रजिस्टरप्रमाणे त्याला सोळा पूर्ण झालीत, म्हणून मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. पंधराचा ठरला तर नाही. उद्या बाल न्याय मंडळापुढे गुरुजींची साक्ष आहे.

"तुमीच वय वाढवलं नं, आता खरं सांगजा," पोराची माय गुरुजींच्या अंगणात रडत होती.

"सांगा नं, गुरुजी," मुलीची आजी फाटकातून म्हणाली. "माही नात बी तुमच्याच वर्गात होती."

गुरुजी खरं तेच सांगणार होते. पण त्यानंतर त्या मुलीला काय सांगायचं?