हवेत लटकलेला घड

मी एकदा केळीचा घड हवेत लटकवून ठेवला होता, आणि तोही बायकोच्या मुलाखतीत.

मेहरूणला माझं साड्यांचं दुकान आहे. बायको वैशाली घरी बसून कॉम्प्युटरवर खेळ बनवते. केळीने भरलेली बैलगाडी खड्ड्यांतून न्यायची, असा तिचा नवा खेळ. पुण्याच्या कंपनीला तो आवडला, तर तिला कायमची नोकरी मिळणार होती.

त्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी 'मदत' केली! घड पडताना स्लो मोशन हवीच, असं माझं मत. (सिनेमात हिरो काय धपकन पडतो?) खेळातल्या वेळेचा वेग एका आकड्यावर चालतो. एक म्हणजे नेहमीचा, शून्य म्हणजे सगळं ठप्प. व्हिडिओ बघून मी लिहिलं, घड पडला की वेग निम्मा. तो परत एकवर आणायचा असतो, हे व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होतं. मी पहिलाच पाहिला होता!

व्हिडिओ कॉलवर मुलाखत सुरू झाली, वैशाली खेळ चालवून दाखवू लागली. पहिला घड पडला, सगळं संथ. कंपनीचे साहेब म्हणाले, "वा!" दुसरा पडला, निम्म्याचं निम्मं. तिसरा हवेतच राहिला, आणि बैलाने पाय उचलला, तो उचललेलाच!

मागून धुळ्याची माझी आई म्हणाली, "केळं पिकी जाई, पन खाले पडाव नही!"

मी घाबरून पुढे झालो आणि पॉझचं बटण दाबलं. आता तर पॉझचा मेनूही येईना!

"मॅडम, नेट गेलं का?"

"नाही सर, आमचे हे आले."

वैशालीने माझ्या ओळी शांतपणे वाचल्या. म्हणाली, "स्लो मोशन यांची, पण मेनूची चूक माझीच. मेनू सरकत येतो तो खेळाच्याच घड्याळावर. ते शून्य केलं की तोही थांबतो. त्याला खरं घड्याळ हवं." आणि साहेबांसमोरच तिने मेनू खऱ्या घड्याळावर लावला, घड पडल्यावर दोन सेकंदांनी वेग परत एक होईल असं लिहिलं. बैल सुसाट, घड दाणकन खाली! मी तर टाळ्याच वाजवल्या. काय बाई आहे!

साहेब हसले. "ही स्लो मोशन घालणारे तुमच्या टीममध्ये आहेत का?"

"टेस्टिंगला आहेत, सर. यांच्या हातून जे मोडत नाही, ते कुणाच्याच हातून मोडत नाही."

नोकरी मिळाली. हल्ली मी पाहुण्यांना सांगतो, मी गेम कंपनीत टेस्टर आहे. फक्त वैशालीने लॅपटॉप उघडला की टेस्टरला दुकानात पिटाळलं जातं!